तेरा वर्षांची लाल गाडी आणि हाताला लागणारी खरखर

संथ_गिअर
मंडळी, सल्ला हवा आहे.

गाडी तेरा वर्षांची, रंग गडद लाल. पहिली सात वर्षं ती छपराखाली उभी असायची. घर बदललं आणि गेली सहा वर्षं उघड्यावर आहे. डोक्यावर झाड, पलीकडे रेल्वेचे रूळ. इंजिनाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. पण परवा धुऊन वाळवल्यावर बॉनेटवर सहज हात फिरवला, तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखा लागला. पुन्हा शॅम्पू लावून धुतली, खरखर जिथल्या तिथे. शिवाय टपावर पांढरट धुरकट पट्टे आहेत. ओले केले की दिसेनासे होतात, वाळले की परत हजर.

गॅरेजवाले म्हणतात, "एक रबिंग मारून देतो, नवी दिसेल." शेजारचे म्हणतात, रबिंग म्हणजे पैसे देऊन रंग घासून घेणं. मला दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. रबिंग करू की नको?

खटपट्या
थांबा. रबिंगचा विचार सगळ्यात शेवटी.

आधी एक करा. गाडी धुऊन कोरडी करा, पातळ प्लास्टिकची पिशवी मोज्यासारखी हातात चढवा आणि बोटं अलगद बॉनेटवर फिरवा. पिशवीमुळे बोटं सरसर सरकतात, त्यामुळे नुसत्या हाताला न कळणारे कणही टोचतात. मग टप, मग दारांचा वरचा भाग, मग खालचा. कुठे किती खरखर आहे ते इथे लिहा. पुढचं त्यावर.

उगाच_कोणीतरी
तेराव्या वर्षी खरखर यायचीच. आमच्या चिरंजीवांच्या आवाजालाही त्याच वर्षी आली. तिथेही रबिंग चालत नाही.

संथ_गिअर
उगाच, :-)

पिशवी घालून बघितलं. बॉनेट आणि टप म्हणजे वाळू भुरभुरून वर वार्निश मारल्यासारखे. दारांचा वरचा भाग बराच गुळगुळीत. खाली चाकांच्या मागे पुन्हा खरखर आणि काळे ठिपके. आणि रुळांकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट वाईट आहे. सहा वर्षांत हे कधीच कसं कळलं नाही?

पेंटर_दादा
बावीस वर्षं पेंट बूथमध्ये काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

कलर म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी ई-कोट, तो गंज रोखतो. त्यावर प्रायमर. त्यावर बेस कोट, म्हणजे तुमचा लाल. आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, बिनरंगी. कारखान्यातून येतं ते सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर ३५ ते ५०. माणसाचा केस ७० च्या आसपास धरा. म्हणजे चकाकी ज्याच्यात आहे तो थर केसाहूनही पातळ.

रबिंग कंपाउंड हा थर कापतं. वरचा मेलेला भाग गेला की खालचा चांगला दिसतो, एवढंच त्यातलं रहस्य. दर वेळी थोडा जातो आणि गेलेला परत येत नाही. म्हणजे गॅरेजवाले खोटं बोलत नाहीत आणि शेजारीही नाहीत. रबिंग एकदा नीट केलं तर गाडी खरंच उजळते, दर वर्षी मारलं तर एक दिवस क्लिअर संपतो.

पण तुमच्या हाताला टोचतंय तो कलर नाही, कलरवर येऊन बसलेला माल आहे. त्याच्यासकट मशीन फिरवलं तर ते कण सुटून पॅडमध्ये अडकतात आणि गोल गोल चरे पाडत सुटतात. आधी तो माल उतरवा.

टपाचं प्रकरण निराळं वाटतंय. पांढऱ्या पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवून बघा. नख अडखळलं तर सांगा, बोलू.

क्षार_आणि_आम्ल
पेंटर_दादा, सुरेख. रुळांकडच्या बाजूबद्दल थोडी भर.

रेल्वेची चाकं आणि रूळ घासतात, ब्रेक घासतात, त्यातून लोखंडाची अतिशय बारीक पूड उडते. आपल्या स्वतःच्या गाडीच्या ब्रेक डिस्कही ओतीव लोखंडाच्याच, म्हणून चाकांच्या मागे खरखर. यातले कण गरम असताना येऊन रंगावर बसतात आणि घट्ट धरतात. नंतर दमट हवेत गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कण फुगून आणखी रुततो. पांढऱ्या गाडीवर हे नारिंगी टिपके लगेच दिसतात. तुमची गाडी लाल, म्हणून सहा वर्षं लपून राहिले.

शॅम्पू तेलकट मळ सोडवतो, गंजलेल्या लोखंडाशी त्याला काही कर्तव्य नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाला धरून विरघळवतं आणि तसं करताना जांभळं होतं. वास मात्र गंधकाचा. नाक धरायची तयारी ठेवा.

मीनल_माळी
थायोग्लायकोलेट? हे तर केस काढायच्या क्रीमच्या ट्यूबवर वाचलंय!

उगाच_कोणीतरी
म्हणजे गाडीचा आणि बायकोचा खर्च एकाच ट्यूबमध्ये. धागा सार्थकी लागला.

मीनल_माळी
उगाच, तुमच्या डोक्यावर लावून बघा आधी. अर्थात तिथे काढण्यासारखं काही उरलं असेल तर.

क्षार_आणि_आम्ल
मीनलताईंचं बरोबर आहे, कुळ एकच. केस कुरळे करायच्या द्रावणातही हाच भाऊबंद असतो. पण ट्यूब गाडीला लावू नका बरं का, हसण्यावारी नेऊ नका. ते क्रीम तीव्र अल्कधर्मी असतं, गाडीचं रसायन उदासीनच्या जवळपास ठेवलेलं असतं. आणि गाडीचंही उन्हात, तापलेल्या पत्र्यावर मारायचं नाही, अंगावर वाळू द्यायचं नाही. तीन-चार मिनिटं थांबायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. हातमोजे घालून.

रिकामटेकडा
एवढं सगळं कशाला? फडक्याला थोडं डिझेल लावायचं आणि पुसायचं. आमची गाडी सतरा वर्षं अशीच चमकतेय.

खटपट्या
ती गाडी चमकत नाही, तिच्यावर तेल चमकतंय. तासाभरात त्या तेलावर धूळ बसते, दुसऱ्या दिवशी तुम्ही ती धूळ त्याच फडक्याने घासता.

रिकामटेकडा
सतरा वर्षं!

पेंटर_दादा
डिझेल सोडा, पण डांबराच्या ठिपक्यांपुरतं रॉकेल चालतं हे मान्य करतो. दाराखालचे काळे ठिपके डांबरच असणार. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरायची, डांबर आपोआप मऊ होतं, मग उचलून घ्यायचं. घासायचं नाही. लगेच शॅम्पूने धुवायचं, कारण रॉकेल रबराच्या पट्ट्यांना खातं. नुकत्याच रंगवलेल्या भागावर अजिबात नको. बाजारात टार रिमूव्हर मिळतं ते जास्त बरं, पण काम तेच.

आजोबांची_स्कूटर
माफ करा, उलट बाजूने बोलतो. गाडी चार चाकांवर चालते, चकाकीवर नाही. तेरा वर्षांची गाडी विकायला काढली तर रंगामुळे कितीसा फरक पडणार? इंजिन, टायर, ब्रेक यांवर खर्च करा. माझ्याकडे एक खूप जुनी गाडी होती. एकदा पॉलिश केलं तर फडकं निळं झालं! घाबरून तेव्हापासून हात लावला नाही.

पेंटर_दादा
आजोबा, ती सिंगल स्टेज कलरची. क्लिअर कोट नसायचा, रंगद्रव्य थेट वरच्याच थरात. पॉलिश केलं की वरचा भुकटी झालेला रंग फडक्यावर येणारच, त्यात घाबरण्यासारखं नव्हतं. उलट तसल्या गाड्या पॉलिशने फार सुंदर परत यायच्या, लाल तर विशेष. क्लिअरवाल्या गाडीचं फडकं रंगीत झालं तर मात्र पळत या, क्लिअर संपून बेस लागला म्हणायचं.

आणि चकाकीसाठी नका करू, पत्र्यासाठी करा. वरचे थर गेले, ई-कोटपर्यंत पाणी पोचलं आणि तिथे एक चीर असली, की गंज आतून पसरतो. रंगाला फोड दिसतो तेव्हा खाली पत्रा खाऊन झालेला असतो.

दोन_बादल्या
माझ्या हँडलवरून कळलं असेलच मी कशाबद्दल बोलणार.

आमच्या वडिलांनी रोज सकाळी उठून गाडी पुसली. अकरा वर्षं, एक दिवस खाडा नाही. एक बादली, एक फडकं, आधी टप, मग बॉनेट, मग तेच फडकं त्याच पाण्यात पिळून दारं. दिवसा गाडी स्वच्छ दिसायची. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी केली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं, दिव्याभोवती गोल गोल. मी एकदा त्यांना दाखवलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे सगळं मीच केलंय?" मला सांगून पश्चात्ताप झाला.

धूळ म्हणजे बारीक दगडच. कोरडी धूळ फडक्याने ओढायची नाही, आधी नुसत्या पाण्याने वाहू द्यायची. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मोजा गाडीवरून आला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शॅम्पूत. वरून खाली. चाकांचं फडकं वेगळं, ते अंगाला लावायचंच नाही. वडील आता असंच धुतात, आठवड्यातून एकदा. रोज सकाळी खाली जातात ते फक्त बघायला.

मीनल_माळी
दोन_बादल्या, बाबांना नमस्कार सांगा.

फक्त_वाचते
अवांतर विचारते, रागावू नका. हेडलाइट पिवळे पडलेत त्यावर टूथपेस्ट लावावी का?

खटपट्या
लावा. तीन महिन्यांनी परत लावाल. हेडलाइटची काच काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं आणि त्यावर ऊन रोखणारा एक कडक थर असतो. पिवळेपणा म्हणजे तो थर खलास. टूथपेस्टने पिवळेपणा घासला जातो, पण उघडं पडलेलं प्लास्टिक मग आणखी लवकर पिवळं होतं. ओल्या पॉलिश पेपरने टप्प्याटप्प्याने घासून वर ऊन रोखणारं कोटिंग द्यायला लागतं. वेगळा धागा काढा, इथे संथरावांचा टप अजून लटकलाय.

संथ_गिअर
हो हो, टपावर नख फिरवलं. दोन ठिकाणी अडखळलं. बॉनेटवर कुठेच नाही.

आणि आयर्न रिमूव्हर मारलं! संध्याकाळी, सावलीत. पहिली दोन मिनिटं काही नाही, मग लाल बॉनेटवर जांभळे ओघळ. मुलगी धावत आईला सांगायला गेली, "बाबांनी गाडी कापली." वासाबद्दल न बोललेलं बरं, वरच्या मजल्यावरून खिडक्या बंद झाल्याचे आवाज आले. धुतल्यावर पुन्हा पिशवी घालून बघितलं, निम्मी खरखर गेली. उरलेली?

खटपट्या
उरलेलीसाठी क्ले. ही शिकवणी मी स्वतःच्या बॉनेटच्या खर्चाने घेतली आहे, म्हणून नीट वाचा.

क्ले बार ही कृत्रिम मऊ वडी असते, आत अगदी बारीक अपघर्षक. ती रंगावर सरकते आणि वर उभे असलेले कण धरून उपटते. झाडाचा चीक, उडालेला रंग, धुराची काजळी, रसायनाने न विरघळलेलं सगळं. हात तिच्यावर ठेवायचा, दाबायचं नाही. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्यायचा, शॅम्पूचं पाणी किंवा क्लेबरोबर येणारं द्रावण सढळ हाताने मारायचं, सरळ रेषेत मागे-पुढे. आधी करकर आवाज येतो, हाताला ओढ लागते, मग अचानक वडी घसरायला लागते. तो तुकडा झाला. वडी उलटून बघा, काय निघालं ते पाहून आपल्याला स्वच्छ समजायचं बंद कराल. मळून नवा पृष्ठभाग वर आणायचा आणि पुढे.

आता माझी चूक. वडी हातातून निसटून जमिनीवर पडली. उचलली, धुतली, मळली, "दिसत तर काही नाही" म्हणून परत बॉनेटवर लावली. एक खडा आत राहिला होता. बॉनेटच्या मधोमध वीतभर लांब चरा, अजून आहे, रोज बघतो. पडली की फेकायची. म्हणून आख्खी वडी घेऊ नका, अर्धी तोडून घ्या, पडली तर अर्धीच जाईल.

क्लेनंतर गडद रंगावर थोडी पुसटशी धूसर छटा येते. घाबरू नका, ती बारीक पॉलिशने जाते. आणि आधीचं मेण-बिण जे काही असेल ते क्लेबरोबर गेलेलं असतं, गाडी उघडी आहे हे विसरू नका.

क्षार_आणि_आम्ल
काचेवर पडतात तसे गोल पांढरे डाग उरले तर ते पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. क्ले त्यांना फारसं हलवत नाही. पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून फडक्याने मिनिटभर लावा आणि धुवा. डाग गेला पण खळगा राहिला तर तो रंगात कोरला गेलाय, मग पॉलिशशिवाय इलाज नाही.

झाडाखाली उभी करता तर पक्ष्यांचंही ऐका. त्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं हे एक. दुसरं, उन्हात रंग मऊ होऊन फुगतो, रात्री आकसतो, आणि वर वाळून कडक झालेल्या थराचा ठसा त्यात उमटतो. त्यामुळे आठवड्याच्या धुण्याची वाट बघायची नाही. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवायचं, मऊ झालं की उचलायचं. कोरडं खरवडलंत तर आतली वाळू घासली जाते.

रिकामटेकडा
हे सगळं करण्यापेक्षा कव्हर घाला की!

दोन_बादल्या
उघड्यावर, वाऱ्यात? धुळीच्या गाडीवर कव्हर हलत राहिलं तर रात्रभर कोणी पॉलिश पेपर फिरवतंय असं समजा. ओलं कव्हर आणखी वाईट.

रिकामटेकडा
माझी छपराखाली असते.

दोन_बादल्या
मग तुमचं बरोबर आहे. आज पहिल्यांदाच.

नवी_कोरी
आमच्या शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंग घ्या म्हणून मागे लागले होते. "नाईन एच, हिऱ्याच्या खालोखाल कडक, ओरखडा येणारच नाही." संथ_गिअर यांनी तेच का करू नये?

खटपट्या
नाईन एच म्हणजे पेन्सिलचा कडकपणा! वेगवेगळ्या पेन्सिली रंगावर ओढून बघतात, कोणती ओरखडा काढते ते. हिरा ज्या मापात दहावर आहे ते माप निराळं. किल्लीने ओढलंत तर सिरॅमिकवरही ओरखडा येतोच येतो.

पण कोटिंग वाईट नाही. सिलिकाचा पातळ थर असतो, पाणी थांबत नाही, मळ सहज धुतला जातो, नीट लावलं तर काही वर्षं टिकतं. कार्नोबा मेण काही आठवडे, फार तर दोनेक महिने. सीलंट, म्हणजे कृत्रिम मेणच म्हणा, त्याहून जास्त, चार-सहा महिने. खरी गोम अशी की कोटिंगखाली जे असेल ते तिथेच बंद होतं. खरखर, चरे, डाग, सगळं चकाकीसकट जपून ठेवाल.

पेंटर_दादा
आणि संरक्षक फिल्मचा विचार डोक्यात असेल तर टपावर अजिबात नको. सुटत चाललेल्या क्लिअरवर चिकटवाल, काढताना कलर तिच्याबरोबर येईल.

उगाच_कोणीतरी
वाचनखूण साठवली. गाडी नाहीये माझ्याकडे.

संथ_गिअर
दोन रविवार गेले, अहवाल देतो.

क्ले एकदाच पडली, अर्धी फेकली, खटपट्यांचे आभार. वडी लाल नव्हे तर काळी-तपकिरी झाली. मग पहिल्यांदा मास्किंग टेपने सगळ्या कडा झाकल्या, कारण पेंटर_दादांनी निरोपात सांगितलं की कडांवर आणि घड्यांवर कलर सगळ्यात पातळ असतो, मशीन आधी तिथेच फाडतं. गॅरेजचं जोराचं मशीन घेतलं नाही, मित्राकडून डळमळत फिरणारं ड्युअल अ‍ॅक्शन आणलं. बॉनेटच्या एका कोपऱ्यात वीतभर जागेत आधी नुसतं बारीक पॉलिश करून बघितलं. तेवढ्याने भागलं, म्हणून जाड कंपाउंड उघडलंच नाही. वर सीलंट.

बॉनेट आणि दारं बघून बायको म्हणाली, "ही लाल आहे हे विसरलेच होते." सगळे चरे गेले नाहीत, जवळून दिसतात. असू देत.

टप मात्र तसाच. पट्टे थोडे पुसट झाले, गेले नाहीत.

पेंटर_दादा
जाणार नाहीत. नख अडखळलं तेव्हाच कळलं होतं. तिथे क्लिअर सुटून उठलाय, पॉलिशने कापायला काही शिल्लकच नाही. आणखी घासाल तर कड मोठी होत जाईल. टप पुन्हा रंगवणं हाच उपाय: सुटलेला क्लिअर घासून काढायचा, बेस, मग नवा क्लिअर. नुसता पट्ट्यावर क्लिअर मारून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, वर्षभरात कडेने परत सुटतो. घाई नाही, पत्रा उघडा पडलेला नाही. रंगवलात तर महिना-दोन महिने त्यावर मेण, सीलंट काही नको, आतलं थिनर उडून जाऊ द्या.

आजोबांची_स्कूटर
म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर काय? रबिंग करू की नको?

खटपट्या
बॉनेटला थोडंसं, खरखर काढून झाल्यावर. टपाला नाही.

फक्त_वाचते
उरलेल्या अर्ध्या क्लेचं काय केलंत?

पेंटर_दादा
पुढच्या काचेवर फिरवा, भरपूर पाणी मारून. तिच्यावरही तोच माल बसलेला असतो.

संथ_गिअर
फिरवली. वायपरची करकर बंद झाली! ती मी तीन वर्षं रबराच्या माथी मारत होतो, दोन जोड्या बदलल्या.